बॅटरीवरील चक्री करवत

बॅटरीवरील चक्री करवत हे विद्युत्घटावर चालणारे, हातात धरून लाकूड कापण्याचे यंत्र होय. गोल पाते, त्यावरील स्थिर आवरण, पात्याच्या खालच्या भागावरील स्प्रिंगचे सरकते आवरण, लाकडावर टेकणारी सपाट पट्टी आणि काढता येणारा घट हे त्याचे मुख्य भाग आहेत. सर्वसामान्य यंत्राचा घट १८ व्होल्टचा व पाते १६५ मिलिमीटर व्यासाचे असते. वायर नसल्यामुळे हे यंत्र दुबळे असावे, हा समज चुकीचा आहे. असे पाते मिनिटाला ४००० फेरे घेत असेल, तर त्याच्या दात्याचा वेग ताशी सुमारे १२५ किलोमीटर भरतो.

पार्श्वभूमी

हातात धरण्याची विजेवरील चक्री करवत अमेरिकेत १९२० च्या दशकात एडमंड मिशेल यांनी तयार केली. वर्धा जिल्ह्यात सुतारकामाची परंपरा मात्र हातकरवतीची आहे. बोर परिसरातील पानझडी जंगलात साग आहे आणि गावोगावी त्यावर काम करणारे वाढई आहेत. वर्धा येथे २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. त्यानंतर डॉ. झाकीर हुसेन समितीने शिक्षणासाठी जे मूलोद्योग सुचविले, त्यांत सुतारकामही होते. करवत, रंधा, पटाशी आणि गुण्या ही त्या शिक्षणाची साधने होत.

हातकरवतीने लागलेली सवय चक्री करवतीला चालत नाही, आणि अपघाताचे मूळ बहुधा येथेच असते. जमिनीवर बसून, फळी पायाने दाबून कापणे ही आपल्याकडील जुनी बैठक आहे. हात थांबला की हातकरवतही थांबते. चक्री करवत बटण सोडल्यावरही काही क्षण फिरत राहते आणि पाय नेमका तिच्या वाटेत असतो. म्हणून फळी घोडीवर किंवा मेजावर ठेवून शिकंज्याने आवळावी आणि यंत्र दोन्ही हातांनी धरावे. कापले जाणारे लाकूड हातात धरून कापू नये, मग तुकडा कितीही लहान असो.

फरशी कापण्याच्या यंत्राला, म्हणजे मार्बल कटरला, लाकडाचे पाते लावून काम भागविण्याची पद्धत सर्रास दिसते. ती अधिक धोक्याची आहे. त्या यंत्राचे फेरे मिनिटाला १२००० च्या घरात असतात आणि खालचे सरकते आवरण त्याला नसतेच.

उलटा झटका

पात्याचे पुढील दाते लाकडाला खालून वर कापत जातात. कापलेली फट मिटून पाते आवळले गेले, तर ती सर्व शक्ती यंत्रावर उलटते. करवत फटीतून वर उसळते आणि कापणाऱ्याकडे मागे फेकली जाते. यालाच उलटा झटका म्हणतात. फळीला दोन्ही टोकांना आधार देऊन मध्यभागी कापणे हे त्याचे नेहमीचे कारण आहे, कारण फळी वाकते आणि फट वरून मिटते. त्याऐवजी कापणीच्या जवळच आधार द्यावा आणि सुटणारा तुकडा मोकळा खाली पडू द्यावा. पाते फळीच्या खाली जेमतेम एका दात्याएवढेच निघेल अशी खोली लावावी. बोथट पाते, वाकडी ढकल आणि ओले लाकूड यांनीही झटका बसतो. पाते अडकल्यास बटण सोडावे, पाते पूर्ण थांबू द्यावे आणि मगच यंत्र उचलावे. शरीर पात्याच्या रेषेत न ठेवता बाजूला ठेवावे.

रेघ नीट दिसावी म्हणून खालचे आवरण तारेने किंवा पाचरीने उघडे अडकवून ठेवणारे कारागीर आढळतात. असे यंत्र खाली ठेवताना फिरते पाते जमिनीला किंवा मांडीला लागते. प्रत्येक कामाआधी आवरण आपोआप मिटते की नाही हे पाहावे.

घट, पोशाख आणि भुसा

वायरच्या यंत्राचा प्लग काढला की ते निर्जीव होते. येथे घट जागेवर असेपर्यंत यंत्र सज्जच असते. पाते बदलताना, खोली लावताना किंवा आवरण तपासताना घट आधी काढावा. लिथियम-आयन घटांना उष्णता बाधते. वर्ध्याच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. अशा वेळी घट उन्हात, पत्र्याखाली वा बंद वाहनात ठेवू नये आणि गरम असताना चार्ज करू नये.

त्याच उन्हाळ्यात डोक्याला व गळ्याला गुंडाळलेला दुपट्टा करवतीजवळ घातक ठरतो. त्याचे लोंबते टोक आत खोचावे, अथवा दुपट्टा काढून ठेवावा. सैल हातमोजेही नकोत. चष्मा, कानांचे संरक्षक आणि मुखपट्टी आवश्यक आहेत. लाकडाच्या भुशाची गणना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मानवी कर्करोगकारकांत केली आहे. सागाच्या भुशाने काहींच्या त्वचेला खाजही सुटते.

कायदा आणि प्रथमोपचार

कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २१ ने यंत्रांच्या धोकादायक भागांना संरक्षक आवरण बंधनकारक केले. परंतु घराच्या बांधकामावर काम करणारे दोन-तीन सुतार कारखान्याच्या व्याख्येत बसत नसत. तेथे देखरेख करणारा कोणी नसतो, आणि बोट गेले तर रोजगारही जातो.

बोट तुटल्यास जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात उंच धरावा. तुटलेला भाग ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. बर्फ त्या भागाला थेट लागू देऊ नये. जखमी व्यक्तीला त्या पिशवीसह विनाविलंब मोठ्या रुग्णालयात न्यावे. वर्ध्याजवळ सेवाग्राम आणि सावंगी येथे वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत.