सह्याद्रीच्या भिंतीवर उगवणारी आकाशगंगा

रात्रीच्या भूदृश्यचित्रात डोंगर आणि तारे एकाच चौकटीत बसवायचे असतात; त्यामुळे कॅमेऱ्याच्या आधी दिशेचा विचार करावा लागतो. महाड आणि पोलादपूर उत्तर अक्षांश १८ अंशांच्या आसपास आहेत. ध्रुवतारा येथे उत्तर क्षितिजापासून सुमारे १८ अंशांवर असतो. धनू आणि वृश्चिक यांच्यामधला आकाशगंगेचा तेजस्वी गाभा आग्नेयेकडून उगवतो, दक्षिणेला जास्तीत जास्त ४३ अंश चढतो आणि नैर्ऋत्येकडे मावळतो. वृश्चिकाच्या नांगीतले मूळ नक्षत्र सापडले की गाभा त्याच्या जरा उत्तरेला शोधावा.

जूनच्या उत्तरार्धात गाभा मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत उंच असतो, आणि नेमका तेव्हाच कोकणात पाऊस कोसळत असतो. त्यामुळे हंगाम दोन तुकड्यांत विभागतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पहाटे जागावे लागते, मेच्या मध्यावर गाभा रात्री साडेनऊच्या आतच उगवतो. दुसरा तुकडा पावसानंतरचा, संध्याकाळचा. लक्ष्मीपूजन अमावास्येला येत असल्याने तेव्हा चंद्राचा अडथळा नसतो; दिवाळी लवकर आली तर गाभा दहाच्या सुमारास मावळतो, उशिरा आली तर आठ वाजून गेल्यावर लगेच. मार्च-एप्रिलमध्ये डोंगरांवरचे वणवे आणि शेतातली राबभाजणी यांचा धूर खोऱ्यात साचतो. पावसाने धुऊन निघालेली ऑक्टोबरअखेरची हवा त्यापेक्षा कितीतरी चांगली.

या परिसराचे खरे वैभव म्हणजे पूर्वेची भिंत. सावित्री महाबळेश्वराच्या पठारावरून उतरून पोलादपूर, महाड करत बाणकोटच्या खाडीकडे जाते, आणि तिच्या खोऱ्यामागे सह्याद्रीचा मुख्य कडा उभा आहे. पोलादपूरहून प्रतापगड पूर्व-आग्नेयेला पडतो. गाभाही जवळपास त्याच अंगाने वर येतो. इतका जुळून आलेला योग नकाशावर शोधूनही क्वचित मिळतो. गड सातारा जिल्ह्यात असला तरी या दिशेने तो टिपायचा तर रायगड जिल्ह्याच्या बाजूलाच उभे राहावे लागते. मात्र भिंतीच्या जितके जवळ जावे तितका गाभ्याचा उदय उशिरा दिसतो. ढवळ्यासारख्या चंद्रगडाच्या पायथ्याच्या गावात कड्याने आकाशाचा खालचा १५ अंशांचा पट्टा झाकला असेल, तर गाभ्याची तासाभराहून अधिक वाट पाहावी लागते.

या भिंतीचे तोंड पश्चिमेला आहे आणि शुक्ल पक्षातली कोवळी चंद्रकोरही संध्याकाळी पश्चिमेलाच असते. म्हणजे चतुर्थीच्या सुमारास कडे समोरून, मऊ प्रकाशात उजळतात. विजेरीने डोंगर रंगवण्याचा खटाटोप उरत नाही. मेमध्ये ट्रायपॉड एकदाच पक्का रोवावा, चंद्र असताना कडे टिपावेत आणि दहाच्या आसपास चंद्र मावळला की त्याच चौकटीत आकाश टिपावे. रायगडाच्या पश्चिम पायथ्याच्या पाचाडहूनही हीच पद्धत चालते. उलट गडाच्या माथ्यावरून दक्षिणेकडे पाहिले, तर महाड शहर आणि औद्योगिक वसाहतीचा उजेड नेमका गाभ्याच्या खाली येतो. जुन्या सोडियम दिव्यांचा पिवळा पट्टा गाळणीने बराच कमी होई. पांढऱ्या एलईडीचा प्रकाश सगळ्या रंगांत पसरलेला असल्याने तो तसा गाळता येत नाही.

या छंदाची पार्श्वभूमी थोडक्यात अशी: हेन्री ड्रेपरने १८८० मध्ये मृगातल्या तेजोमेघाचे छायाचित्र घेतले, १८८९ पासून बर्नार्डने आकाशगंगेची रुंद चित्रे घेतली. महाराष्ट्रात हौशी निरीक्षणाची परंपरा पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेने १९४४ पासून आणि मुंबईच्या खगोल मंडळाने १९८५ पासून जोपासली.

पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणून तारे लवकरच रेघा होतात. ५०० ला लेन्सच्या नाभीय अंतराने भागले की चालण्याजोगे सेकंद मिळतात. १४ मिमीला ३५. आजच्या बारीक पिक्सेलच्या सेन्सरवर मात्र १५ ते २० सेकंदच बरे. एफ २.८, आयएसओ ३२००, रॉ फाइल आणि ठळक ताऱ्यावर हाताने केलेला फोकस, एवढ्यावर सुरुवात होते. खोऱ्यातल्या दमट हवेत उत्तररात्री लेन्सवर दव बसते, म्हणून तिच्याभोवती ऊब देणारी पट्टी गुंडाळावी. कातळावर बसण्यापूर्वी विजेरीने फुरसे नाही ना, हे पाहावे.

संस्करणात पहिले काम स्टॅकिंगचे. एकाच दृश्याच्या १६ प्रतिमांची सरासरी काढली की गोंगाट चौथ्या हिश्श्यावर येतो. सिक्वेटर, सिरिल ही सॉफ्टवेअरे मोफत आहेत. सिक्वेटरमध्ये जमीन स्थिर ठेवून फक्त आकाश जुळवता येते. काजव्यांसाठी हा नियम उलटतो. मेअखेर, पहिल्या सरींच्या आधी, झाडे काजव्यांनी लखलखतात आणि गाभाही वर असतो. पण प्रत्येक काजवा एखाद्याच प्रतिमेत चमकलेला असल्याने सरासरीत तो पुसला जातो. म्हणून जमिनीच्या प्रतिमा ‘लायटन’ पद्धतीने, प्रत्येक बिंदूचे सर्वांत उजळ मूल्य घेऊन एकत्र कराव्यात आणि आकाश वेगळे स्टॅक करून त्यावर बसवावे.

एकाच जागेवरून, एकाच रात्री घेतलेले दोन थर जोडणे रास्तच आहे. महाडच्या बाजूने दिसणाऱ्या रायगडावर गाभा चिकटवणे मात्र खोटेपणा आहे. गड तेथून जवळपास थेट उत्तरेला आहे, आणि गाभा उत्तरेला कधी जातच नाही. त्या बाजूने गडावर शोभतात त्या ध्रुवाभोवतीच्या ताऱ्यांच्या वर्तुळाकार रेघा, तासभराच्या प्रतिमा ‘लायटन’नेच जोडून केलेल्या.

त्यानंतर रंग. व्हाइट बॅलन्स ४००० केल्विनच्या आसपास ठेवला तर आकाश जांभळे न होता करड्या-निळ्या छटेत राहते आणि गाभ्याचा उबदार पिवळसरपणा टिकतो. महाडच्या उजेडाचा क्षितिजालगतचा पट्टा ग्रेडियंट मास्कने थोडा उतरवावा, पूर्ण पुसू नये. शेवटी छपाईसाठी वेगळी प्रत करावी. पडद्यावर दिसणारे कड्यांचे सावलीतले तपशील कागदावर काळे पडतात, म्हणून त्या प्रतीत गडद छटा थोड्या वर उचलाव्यात आणि आधी लहान आकारात नमुना छापून पाहावा.