घोड्याचा नाल अकाली का निघतो?

सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या बाजारातून हौसेने घोडा आणणारे पुष्कळ; त्याच्या खुरांची निगा राखणारे थोडे. नाल उखडताना खुराची कडही तुटते, मग नव्या खिळ्यास जागा उरत नाही व जनावर लंगडते. खूर महिन्यास पाव इंचाहून किंचित अधिक वाढतो. त्यासरशी नाल पुढे सरकून खिळे ढिले होतात. यास्तव नाल झिजला नसला तरी सहा ते आठ आठवड्यांनी काढवून, खूर तासवून पुन्हा बसवावा. पावसाळ्यात काळ्या जमिनीच्या चिखलाने खूर मऊ पडतो. सबब ठाण कोरडे ठेवावे. खिळ्यांची मुडपलेली टोके रोज चाचपावीत. एक ढिला खिळा आम्ही उद्यावर टाकला, आणि महिनाभर शेतावर पायी गेलो.