छप्पन्न टक्क्यांचं काय करायचं? एमबीबीएसच्या गुणांविषयीचे गैरसमज

फर्स्ट एमबीबीएसचा निकाल लागला की आमच्या विभागात पालकांचे फोन सुरू होतात. मी वैद्यकीय महाविद्यालयात फिजिऑलॉजी शिकवतो आणि या फोनमधला पहिला प्रश्न मला आता पाठ झाला आहे. मागच्या निकालानंतर मराठवाड्यातल्या एका वडिलांचा फोन आला. "सर, बारावीला पोरीला ९४ टक्के होते. इथं ५६ आलेत. आता पुढं पीजीला काही होईल का तिचं?"

मुलगी पहिल्याच प्रयत्नात ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री असे तिन्ही विषय पास झाली होती. पण घरात पेढे आणलेच नव्हते. मला याचं फार वाईट वाटलं, आणि तेव्हाच ठरवलं की हे एकदा नीट लिहून काढायचं. एमबीबीएसच्या गुणांना महत्त्व आहे. फक्त पालक आणि मुलं ज्या ठिकाणी ते शोधतात, तिथे ते बहुतेक वेळा नसतं.

गैरसमज : नव्वदीतला मुलगा छप्पन्नवर आला, म्हणजे घसरला

बारावीच्या टक्क्यांशी एमबीबीएसचे टक्के लावून बघणं हीच पहिली चूक. विद्यापीठ परीक्षेत पास व्हायला थिअरीत आणि प्रॅक्टिकलमध्ये, दोन्हींत वेगवेगळे किमान गुण मिळवावे लागतात. बहुपर्यायी प्रश्न थिअरीच्या जास्तीत जास्त २० टक्के. बाकी सगळं हाताने लिहायचं, आकृत्या काढायच्या, आणि मग व्हायवाला समोर बसलेल्या बाहेरच्या कॉलेजच्या परीक्षकाला तोंडी पटवून द्यायचं. अशा परीक्षेत ७५ टक्क्यांना डिस्टिंक्शन म्हणतात आणि ते मिळवणारी मुलं वर्गात मोजकीच असतात. ५६ हा इथे साधा, निकोप पास आहे.

शिवाय वर्गाकडे पाहा. शाळेत ती एकटी पहिली यायची. इथे बाकावर बसलेला प्रत्येक जण आपापल्या शाळेत पहिला आलेला आहे, आणि दीडशे पहिल्यांमधून कुणीतरी एकशे विसावा येणारच.

२००२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये फर्ग्युसन आणि सहकाऱ्यांनी तोवरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला होता. प्रवेशाआधीचे गुण वैद्यकीय पदवी काळातल्या कामगिरीतला सुमारे २३ टक्के फरक समजावून देतात, आणि पदवीनंतरच्या कामातला फक्त ६ टक्के. म्हणजे बारावीच्या गुणांची पुण्याई डॉक्टर होईपर्यंत बरीचशी संपलेली असते. मुलीच्या हातात आता पुढचं आहे.

गैरसमज : पीजीची सीट एमबीबीएसच्या टक्क्यांवर मिळते

नाही मिळत. एमडी, एमएस आणि डीएनबीचे प्रवेश नीट पीजीच्या रँकवर होतात. २०० प्रश्न, ८०० गुण, बरोबर उत्तराला चार, चुकीला वजा एक. सरकारी कॉलेजांतल्या निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यात आणि निम्म्या राज्याकडे असतात, पण दोन्हीकडे पाहतात ती रँकच. एम्स, पीजीआय चंदीगड, जिपमर, निमहान्स यांच्यासाठी आयएनआय सीईटी ही वेगळी परीक्षा वर्षातून दोनदा होते, तिथेही तेच. युपीएससीच्या कम्बाइन्ड मेडिकल सर्व्हिसेसमध्ये ५०० गुणांची लेखी परीक्षा आणि १०० गुणांची मुलाखत असते. त्या निवडीतही एमबीबीएसचे टक्के धरत नाहीत.

तेव्हा वडिलांना मी फोनवर ठामपणे सांगितलं : हे ५६ टक्के तिची पीजी अडवणार नाहीत.

पण एवढ्यावर थांबलो असतो तर मी अर्धं सत्य सांगितलं असतं. नीट पीजीचे २०० प्रश्न त्याच १९ विषयांतून येतात जे साडेचार वर्षांत शिकवले जातात. मागच्या दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका घोकून विद्यापीठाचा पेपर सुटतो. नीट पीजीचा प्रश्न मात्र एक रुग्ण समोर ठेवतो : वय, तक्रार, रक्ताचे रिपोर्ट, ईसीजी. त्याचं उत्तर सापडायला पहिल्या वर्षाची फिजिऑलॉजी आणि दुसऱ्या वर्षाची पॅथॉलॉजी डोक्यात जोडलेली असावी लागते. इंटर्नशिपमध्ये रात्री मोबाइलवर लेक्चरं बघणाऱ्या मुलांना हे कळतं, तेव्हा ती माझ्याकडे येऊन म्हणतात, "सर, रीनल परत एकदा समजावाल का?" समजावतो. आनंदाने समजावतो. मात्र तेव्हा त्यांच्याकडे वेळ फार थोडा उरलेला असतो.

गैरसमज : मग काय, पास झालं की पुरे

हॉस्टेलमध्ये सीनियर मंडळी ज्युनियरना हेच सांगतात. सगळ्यात जास्त नुकसान मी या वाक्यामुळे झालेलं पाहिलं आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

५८ आणि ६४ यांतला फरक आयुष्यात क्वचितच कुणी विचारेल. पहिला प्रयत्न आणि तिसरा प्रयत्न यांतला फरक मात्र विचारतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार फर्स्ट एमबीबीएस पास व्हायला चारच प्रयत्न मिळतात आणि प्रवेशापासून नऊ वर्षांत सगळा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. एखादा विषय गेला तर मुख्य निकालानंतर थोड्याच आठवड्यांत पुरवणी परीक्षा होते. तीत पास झालेला मुलगा आपल्याच बॅचसोबत पुढे जातो. तीतही राहिला तर खालच्या बॅचमध्ये जातो. हे एकदा झालं की मित्र पुढे निघून जातात, मेसमधलं टेबल बदलतं, आणि मुलाचं मन अभ्यासातून उडतं. वर्ष वाया जाण्यापेक्षा हे मला जास्त गंभीर वाटतं.

मुळात परीक्षेला बसू देण्याआधीच बरंच ठरून गेलेलं असतं. थिअरीला ७५ टक्के हजेरी, प्रॅक्टिकल आणि वॉर्डला ८० टक्के. इंटर्नल असेसमेंटमध्ये थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हींत किमान ४० आणि एकत्र मिळून ५० टक्के. जी कौशल्यं लॉगबुकमध्ये सही होऊन यायला हवीत, ती नसली तर तेही आड येतं. टर्मिनलला दांडी मारून प्रिलिमला भरून काढू म्हणणारी मुलं डिसेंबरमध्ये आमच्या केबिनबाहेर उभी असतात. त्यांचा अभ्यास झालेला असतो, पण परीक्षेचा फॉर्म अडकलेला असतो.

टक्के मोजले जातात अशा जागाही आहेत. महापालिका, जिल्हा परिषदा, राष्ट्रीय आरोग्य अभियान यांच्या कंत्राटी वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या भरतीत अनेकदा लेखी परीक्षा नसते आणि अंतिम वर्षाच्या गुणांवर यादी लागते. पीजीची तयारी करताना घर चालवायला अशी नोकरी धरणाऱ्या मुलांना तेव्हा फायनल इयरचे चार टक्के नडतात. जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी.

परदेशाची वाट धरणाऱ्यांसाठी चित्र आणखी वेगळं आहे. अमेरिकेच्या यूएसएमएलईचा पहिला टप्पा २६ जानेवारी २०२२ पासून फक्त पास किंवा नापास असा झाला. त्यामुळे दुसऱ्या टप्प्याच्या गुणांचं वजन वाढलं. मात्र अर्जासोबत विद्यापीठाची ट्रान्स्क्रिप्ट जाते आणि तीत आपला सगळा प्रवास दिसतो. ब्रिटनने तिथल्या नव्या पदवीधरांना फाउंडेशन वर्षाची जागा देताना कॉलेजातला क्रमांक धरणं २०२४ पासून थांबवलं. पण म्हणून तिथे अभ्यास स्वस्त झाला असं कुणी म्हणणार नाही.

नर्सिंगच्या मुलींनाही हे लागू आहे, थोड्या वेगळ्या रीतीने. बीएस्सी नर्सिंगची पदवी मिळण्याआधी प्रत्येक क्लिनिकल विभागातली हजेरी १०० टक्के पूर्ण करावी लागते. एम्सची नोकरी नॉरसेटच्या परीक्षेवर मिळते. आणि जर्मनीला जायचं असेल तर तिथले अधिकारी ट्रान्स्क्रिप्टवर थिअरीचे आणि वॉर्डचे तास किती, हे आपल्या अभ्यासक्रमाशी ताडून पाहतात. तिथे ग्रेडपेक्षा भरलेले तास कामाला येतात.

गैरसमज : टॉपर तोच चांगला डॉक्टर, किंवा, टॉपरला पेशंट कळत नाही

दोन्ही बाजूंनी लोक हे हिरिरीने बोलतात. लग्नाच्या पंगतीत मी दोन्ही ऐकलं आहे, काही वेळा एकाच माणसाकडून. आकडे काय सांगतात ते पाहू.

ज्ञानाचा फरक पडतो. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, परदेशात शिकून आलेल्या डॉक्टरांनी सांभाळलेल्या हार्ट अटॅक आणि हार्ट फेल्युअरच्या रुग्णांचा अभ्यास नॉर्सिनी आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. परवाना परीक्षेच्या क्लिनिकल टप्प्यात ज्या डॉक्टरांचे गुण जास्त, त्यांच्या रुग्णांचा मृत्यूदर कमी होता. "गुणांना काही अर्थ नाही" असं कुणी म्हटलं की मला हे रुग्ण आठवतात.

तेवढंच खरं दुसरं. २००५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये पापाडाकिस आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. मेडिकल बोर्डांनी १९९० ते २००३ या काळात ज्यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई केली, अशा तीन कॉलेजांच्या २३५ माजी विद्यार्थ्यांच्या जुन्या फाइली त्यांनी उघडल्या आणि कारवाई न झालेल्या ४६९ जणांच्या फाइलींशी ताडून पाहिल्या. पहिल्या दोन वर्षांतल्या कमी गुणांशी कारवाईचा संबंध होता, पण थोडा. कॉलेजात असतानाच बेजबाबदार वागल्याच्या नोंदी ज्यांच्या फाइलीत होत्या, त्यांच्यावर कारवाई होण्याची शक्यता सुमारे तिप्पट होती. सगळ्यात ठळक दोन गोष्टी होत्या : कमालीचा बेजबाबदारपणा, आणि चूक दाखवली तरी सुधारण्याची तयारी नसणं. २००७ मध्ये जामा या नियतकालिकात टॅम्बलिन आणि सहकाऱ्यांनी कॅनडातल्या ३,४२४ डॉक्टरांचा माग काढला. क्लिनिकल परीक्षेत रुग्णाशी बोलण्याच्या भागात ज्यांचे गुण कमी होते, त्यांच्याविरुद्ध पुढे तक्रारी जास्त आल्या.

हे वाचल्यापासून मी माझ्या टेबलावरच्या गोष्टी निराळ्या नजरेने बघू लागलो. जर्नल वेळेवर देणारा मुलगा, ब्लडप्रेशर चुकीचं मोजलं म्हणून सांगितल्यावर न चिडता पुन्हा कफ बांधणारी मुलगी. यांतलं काहीच गुणपत्रिकेवर छापून येत नाही. २०१९ पासून नव्या अभ्यासक्रमात वर्तन, नैतिकता आणि संवाद यांसाठी एटकॉम हा स्वतंत्र भाग आला आहे. तो अजून बरीच मुलं, आणि खरं सांगायचं तर काही शिक्षकही, उरकायचा तास समजतात. मला ते मनापासून खटकतं.

गैरसमज : गुणांची भीती ठेवली नाही तर मुलं अभ्यास करणार नाहीत

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेने पहिल्या दोन वर्षांच्या ग्रेड काढून फक्त पास-नापास ठेवलं. ग्रेड मिळालेली बॅच आणि न मिळालेली बॅच यांची तुलना २००९ मध्ये छापून आली. परीक्षांमधल्या कामगिरीत म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता, आणि पहिल्या तीन सत्रांत मुलांचं मानसिक स्वास्थ्य चांगलं राहिलं होतं.

आपल्याकडे २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कार्यगटाने २५,५९० पदवी विद्यार्थ्यांची पाहणी केली. त्यांतल्या २७.८ टक्के मुलांनी आपल्याला मानसिक आजार असल्याचं सांगितलं. चार मुलांमागे एकाहून जास्त. निकालानंतर ज्या घरातून फोन येतो, त्या घरातलं मूल यांच्यातलंच एक असू शकतं. म्हणून फोनवर मी आधी मुलगी कशी आहे ते विचारतो, आणि टक्क्यांचं नंतर.

त्या वडिलांनाही विचारलं. म्हणाले, "खोलीत आहे. निकालापासून जेवत नाही नीट."

मी म्हटलं, "दादा, तिची फिजिऑलॉजीची हजेरी ९१ टक्के आहे. इंटर्नलला कुठे अडली नाही. पहिल्या प्रयत्नात पास आहे. मला तिच्यात काळजीचं कारण दिसत नाही. ग्राफ आणि गणितं आली की ती घाबरते एवढंच, ते मी तिला बसवून देईन."

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग त्यांनी आतल्या खोलीकडे वळून हाक मारली, आणि फोन तिच्या हातात दिला.