राखीव वॉर्ड आणि अंजली पाटील

जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुक ग्रामपंचायतीसाठी अंजली पाटील या तृतीयपंथी उमेदवाराने महिला राखीव वॉर्डातून अर्ज भरला. छाननीत तो बाद झाला. प्रकरण औरंगाबाद खंडपीठात आलं. जानेवारी २०२१ मध्ये न्या. रवींद्र घुगे यांनी स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा त्यांचा हक्क मान्य केला आणि अर्ज स्वीकारायला सांगितलं. सुप्रीम कोर्टाने हा हक्क २०१४ च्या ‘नालसा’ निकालातच मान्य केला होता. मग गावाने अंजलीताईंना निवडूनही दिलं. मला कोर्टाच्या आदेशाइतकंच हे मतदान मोलाचं वाटतं.

अंजलीताईंसारख्या कुणाला साथ द्यायची तर तहसीलच्या खिडकीपर्यंत सोबत चला, पण बोलू त्यांनाच द्या. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा, पोच घ्या. पुढची दाद त्याच कागदावर मागता येते. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा. त्या सांगतील त्याच नावाने हाक मारा. शरीराबद्दलचे प्रश्न कुणालाच विचारायचे नसतात, त्यांनाही नाहीत. आणि कुणी टर उडवली, तर तिथल्या तिथे अडवा.