वीस पॉझिटिव्ह, पण किती जणांमधून?

बचत गटांच्या बैठका पुन्हा सुरू झाल्या होत्या. तोंडाला मास्क, बसताना अंतर, पण विषय एकच. "मागच्या आठवड्यात आपल्या गावात चाळीस निघाले होते, या आठवड्यात वीसच. कमी झाला गं बाई!" असं कुणी म्हटलं, की आम्ही एकच विचारायचो, तपासले किती?

हा हिशेब आपल्याला नवा नाही. कर्जावर शेकडा दोन रुपये व्याज आपण तोंडी काढतो, तसाच हाही काढायचा. समजा, पहिल्या आठवड्यात २०० जणांची टेस्ट झाली आणि ४० पॉझिटिव्ह आले. म्हणजे शेकडा २०. दुसऱ्या आठवड्यात टेस्टच ८० झाल्या आणि २० पॉझिटिव्ह आले. म्हणजे शेकडा २५. आकडा निम्मा झाला, प्रमाण मात्र वाढलं. मग आजार कमी झाला असं कसं म्हणायचं? कमी झालं ते शोधणं.

बातम्यांमध्ये यालाच पॉझिटिव्हिटी रेट म्हणतात. निर्बंध उठवण्याआधी हे प्रमाण किमान दोन आठवडे शेकडा ५ च्या खाली असावं, असं जागतिक आरोग्य संघटनेनं मे २०२० मध्ये सांगितलं. आपल्या राज्यातही ७ जून २०२१ पासून जिल्ह्यांचे पाच स्तर झाले, ते याच प्रमाणावर आणि ऑक्सिजनच्या किती खाटा भरल्यात त्यावर. म्हणजे आपलं दुकान कधी उघडणार, बाजार कधी भरणार, हे तेव्हा या शेकड्यावर ठरत होतं.

शितावरून भाताची परीक्षा करतो आपण. पण शीत पातेल्यात कुठून उचललं, तेही बघावं लागतं. एका गावात फक्त तापानं फणफणलेल्यांचीच टेस्ट केली, तर प्रमाण जास्त येणार. दुसऱ्या गावात सगळ्या दुकानदारांची सरसकट केली, तर कमी येणार. म्हणून दोन गावांची लगेच तुलना करू नये. एका दिवसाच्या आकड्यावरही जाऊ नये. रविवारी टेस्ट कमी होतात, मग सोमवारचा आकडा उगाच लहान दिसतो. पूर्ण आठवड्याची बेरीज धरावी.

आता टेस्टविषयी. नाकात काडी घालून अर्ध्या तासात निकाल देते ती अँटिजेन. प्रयोगशाळेत जाते ती आरटीपीसीआर. जून २०२० मध्ये आयसीएमआरनं पहिल्या अँटिजेन किटची दोन ठिकाणची तपासणी जाहीर केली. खरोखर लागण झालेल्या १०० जणांपैकी एका ठिकाणी सुमारे ५१ आणि दुसऱ्या ठिकाणी ८४ जण तिनं पकडले. बाकीच्यांना निगेटिव्ह सांगितलं. लागण नसलेल्यांना मात्र तिनं क्वचितच पॉझिटिव्ह ठरवलं. म्हणून तेव्हाचा नियम असा होता, की अँटिजेन पॉझिटिव्ह आली तर ती खरी धरायची. निगेटिव्ह आली, पण ताप, खोकला आहे, तर आरटीपीसीआर करायचीच, आणि निकाल येईपर्यंत वेगळं राहायचं.

आमच्या गटातल्या एका सुनेला ताप होता. अँटिजेन निगेटिव्ह आली. "निगेटिव्ह आहे ना, मग उठ," असं घरातून झालं. तिनं चूल धरली, सासूबाईंना औषधपाणी केलं. तिसऱ्या दिवशी उपकेंद्रातल्या सिस्टरांनी स्वॅब पाठवायला लावला, तो पॉझिटिव्ह आला. तोवर सासूबाईंनाही लागण झाली होती. त्यांना ऑक्सिजन लावावा लागला. त्या घरी परत आल्या, हे नशीब.

काही गावं म्हणायची, "आमच्याकडे एकही पेशंट नाही." चांगलंच आहे. पण टेस्ट किती झाल्या? कुणीच काडी घातली नाही, तर आकडा शून्यच येणार. घर सील होईल, लोक पाणी भरू देणार नाहीत, या भीतीनं माणसं टेस्ट टाळायची. बाई तर आधी धार काढते, भाकरी करते, आणि स्वतःचा ताप शेवटी सांगते. त्या घराशी बोलणं तोडू नका. दारात किराणा ठेवा, पाण्याचा हंडा भरून द्या. ती भीती गेली, तरच टेस्टला माणसं येतील आणि आकडा खरा होईल.

एक काम करूया. गटाच्या वहीच्या शेवटच्या पानावर चार रकाने आखा. आठवड्यात टेस्ट किती, पॉझिटिव्ह किती, शेकडा किती, आणि टेस्ट झालेल्यांत बायका किती. आकडे आशाताईंना किंवा उपकेंद्रात विचारा. चौथा रकाना फारच लहान दिसला, तर पुढच्या बैठकीत पहिला विषय तोच घ्या.