पडलेली नाटकं – लेखांक ७ : 'कॅरी' पुन्हा उभं करावं का?

मागच्या लेखांकात आपण 'मेरिली वी रोल अलाँग'ची कथा पाहिली. १९८१ साली अवघ्या १६ प्रयोगांत गुंडाळलेलं हे म्युझिकल २०२४ मध्ये सर्वोत्कृष्ट पुनरुज्जीवनाचं टोनी पारितोषिक घेऊन गेलं. असं एखादं उदाहरण घडलं की ब्रॉडवेवर आपटलेल्या प्रत्येक नाटकाच्या चाहत्यांना आपलाही नंबर लागेल असं वाटू लागतं. त्या रांगेत सगळ्यात जास्त गलका असतो तो 'कॅरी'वाल्यांचा.

आधी 'कॅरी' पडलं म्हणजे किती पडलं ते सांगतो. १२ मे १९८८, गुरुवारी न्यूयॉर्कच्या व्हर्जिनिया थिएटरमध्ये शुभारंभ झाला आणि रविवारी, १५ तारखेला नाटक बंद. पूर्वप्रयोग १६, रीतसर प्रयोग ५, आणि निर्मात्यांचं नुकसान सत्तर लाख डॉलरच्या वर. पुढे केन मँडलबॉम यांनी ब्रॉडवेच्या चाळीस वर्षांतल्या अपयशांवर पुस्तक लिहिलं, तेव्हा त्याचं नावच 'नॉट सिन्स कॅरी' ठेवलं.

चार दिवसांत नाटक बंद कसं पडतं, असं मराठी प्रेक्षकाला वाटेल. आपल्याकडे पुण्यात गर्दी झाली नाही तर नाटक ठाण्याला, नाशिकला नेऊन बघता येतं; नेपथ्याचा टेम्पो आणि संचाची बस निघाली की झालं. ब्रॉडवेवर नेपथ्य त्या एका नाट्यगृहासाठी बांधलेलं असतं आणि आठवड्याला आठ प्रयोग तिथेच करायचे असतात. भाडं, वादक, तंत्रज्ञ, जाहिराती असा दर आठवड्याचा खर्च अंगावर येत राहतो. समीक्षा वाईट आली, तिकीटबारी थंडावली आणि हाताशी गंगाजळी नसली, तर निर्माता पुढचा आठवडा बघत नाही. 'कॅरी'च्या निर्मात्यांनीही पुढचा आठवडा बघितला नाही.

माणसं मात्र कच्ची नव्हती. मूळ कादंबरी स्टीफन किंगची, १९७४ ची. तिच्यावर ब्रायन डी पाल्माने १९७६ साली केलेल्या चित्रपटाचे पटकथाकार लॉरेन्स कोहेन यांनीच नाटकाची संहिता लिहिली. संगीत मायकल गोर यांचं, गीतं डीन पिचफर्ड यांची. 'फेम' चित्रपटाच्या शीर्षकगीताचं ऑस्कर मिळवलेली ही जोडी. नृत्यं डेबी अ‍ॅलन यांची. दिग्दर्शक टेरी हँड्स तर रॉयल शेक्सपिअर कंपनीचे कलासंचालक. 'ले मिझराब्ल'च्या यशानंतर या कंपनीला व्यावसायिक म्युझिकलची चव लागलेली होती. म्हणून शुभारंभाआधी नाटक झालं ते थेट शेक्सपिअरच्या गावी, स्ट्रॅटफर्डला. तिथेच पहिल्या रात्री आईच्या भूमिकेतल्या बार्बरा कुक एका हलत्या नेपथ्याच्या तावडीतून थोडक्यात वाचल्या. त्यांनी राजीनामा दिला आणि न्यूयॉर्कला त्यांच्या जागी बेटी बकली आल्या. चित्रपटात कॅरीची बाजू घेणाऱ्या व्यायामशिक्षिका झाल्या होत्या त्याच या बकली.

आता मुद्द्याचं. नाटक पडलं की दोन गोष्टी तपासायच्या: जे लिहिलंय ते कच्चं होतं, की जे उभं केलं ते? 'मेरिली'त गाणी आधीपासूनच भक्कम होती. 'कॅरी'चा घोटाळा असा की त्यात दोन नाटकं आहेत आणि दोन्हींचा सूर वेगळा.

एक नाटक घरातलं. कॅरीला शाळेच्या न्हाणीघरात पहिली पाळी येते. पाळी म्हणजे काय हेच तिला कुणी सांगितलेलं नसतं. आपण मरतोय असं वाटून ती किंचाळते आणि वर्गातल्या पोरी तिची टर उडवतात. घरी आल्यावर आईने जवळ घ्यावं, तर धर्मवेडी मार्गारेट ही पोरीच्या पापाची खूण ठरवून तिला कोंडून घालते. 'अँड ईव्ह वॉज वीक' हे गाणं इथलं. आईचा आवाज चढत जातो, मुलगी गयावया करते, आणि दोघींचे सूर एकमेकांवर आदळत राहतात. त्याच्या अगदी उलट 'व्हेन देअर्स नो वन'. मुलगी शाळेच्या नृत्यसमारंभाला गेली आहे, आई घरी एकटी आहे आणि तिला मारायचं हे आईच्या मनात ठरलंय. अशा वेळी ती जे गाते त्यात आरडाओरडा औषधालाही नाही, उरतो तो फक्त एकटेपणा. ब्रॉडवेच्या गाजलेल्या नाटकांतसुद्धा या तोडीची जागा सहज सापडत नाही.

दुसरं नाटक शाळेतलं, आणि ते बघवत नाही. त्यातली मुलं सतरा वर्षांची वाटतच नाहीत. चकचकीत कपड्यांतला नर्तकांचा ताफा वाटतात. 'आउट फॉर ब्लड'मध्ये तर ती डुकरं मारायला निघतात, विजा कडाडतात, आणि यावर हसायचं की घाबरायचं हे प्रेक्षकाला कळत नाही. शेवटी नृत्यसमारंभात कॅरीच्या अंगावर डुकराचं जे रक्त ओततात, ज्यासाठी लोक तिकीट काढून आलेले, तेही स्ट्रॅटफर्डला धड ओतता येईना, कारण त्याने मायक्रोफोन बिघडायचा! पहिल्या पूर्वप्रयोगाला पडदा पडताच हुर्यो झाली, पण बकली आणि सतरा वर्षांची लिन्झी हेटली अभिवादनाला पुढे आल्या तेव्हा तेच प्रेक्षागृह उभं राहिलं. एका रात्रीत दोन नाटकांना मिळालेल्या दोन पावत्याच म्हणा ना.

मग दंतकथा वाढली. अधिकृत ध्वनिमुद्रण निघालं नव्हतं, त्यामुळे चोरून केलेल्या कॅसेट हातोहात फिरल्या. न पाहिलेल्या नाटकाचे भक्त फार कडवे असतात. शेवटी २०१२ साली एमसीसी थिएटरने दिग्दर्शक स्टॅफर्ड अरीमा यांच्याकडून ते पुन्हा उभं केलं, तेही अवघ्या २९९ खुर्च्यांच्या ल्युसिल लॉर्टेल थिएटरमध्ये. मूळ लेखक-संगीतकार स्वतः दुरुस्तीला बसले. डुकरांचं गाणं काढलं, शाळेची बाजू नव्याने लिहिली, समारंभातल्या शेवटच्या संहारातून वाचलेल्या स्यू या मुलीच्या जबाबातून कथा सांगितली. आईच्या भूमिकेत मारिन मॅझी उत्तम होत्या. तरीही १ मार्चला रीतसर सुरू झालेला हा खेळ ८ एप्रिलला आटोपला. हास्यास्पद भाग गेला; त्या जागी शाळेतल्या छळावरचा सभ्य धडा आला. १९८८ चं नाटक निदान विसरण्यासारखं नव्हतं.

तरी २०१२ च्या खटाटोपाने एक मोलाचं काम केलं. गाण्यांचं ध्वनिमुद्रण निघालं, सुधारित संहिता परवान्याने मिळू लागली आणि अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांनी ती उचलली. २०१८ मध्ये 'रिव्हरडेल' मालिकेच्या एका भागातही शाळेतली मुलं हेच नाटक बसवताना दिसली. माझ्या मते 'कॅरी'ची जागा हीच. तिथे वर्गातल्या मुलांच्या भूमिका खरोखरच वर्गातली मुलं करतात. त्यांचं अवघडलेपण अभिनयाने आणावं लागत नाही, आणि निर्मात्याचे सत्तर लाख पणालाही लागत नाहीत.

म्हणून ब्रॉडवेवर पुन्हा मोठी निर्मिती? माझं उत्तर नाही असंच आहे. दुरुस्ती एकदा झाली, खुद्द मूळ लेखकांनी केली, आणि तरी शाळा आणि घर यांतली फट बुजली नाही. कुणाला उत्साह असेलच तर आई आणि मुलगी अशा दोघींचाच तासाभराचा खेळ करावा. त्याचं तिकीट मी काढीन.

पुढच्या लेखांकात 'चेस'. 'कॅरी'चा पहिला पूर्वप्रयोग झाला त्याच दिवशी, म्हणजे २८ एप्रिल १९८८ ला, ब्रॉडवेवर त्याचा शुभारंभ झाला होता.