वाऱ्याचा कुंचला

भाद्रपद महिना जवळ आला की पेण गावातील गणपतींच्या कारखान्यांत कामाची एकच घाई उडते. पांढऱ्याशुभ्र मूर्तींच्या रांगा मांडलेल्या असतात. एखादा कारागीर लेखणीसारखे एक धातूचे उपकरण हाती घेतो, बोटाने त्याचा खटका दाबतो, आणि मूर्तीच्या अंगावर रंगाचे तलम धुके उतरू लागते. उपकरण मूर्तीला टेकत नाही. तरी गालांवर हळूहळू लाली चढते. ती लाली कोठे सुरू झाली व कोठे संपली, हे पाहणाऱ्याला सांगता येत नाही.

या उपकरणास एअरब्रश म्हणतात. वाऱ्याचा कुंचला असे म्हटले तरी चालेल. जपान, हाँगकाँग, अमेरिका अशा दूरदूरच्या देशांत याच कुंचल्याने विनाइलची खेळणी रंगविण्याची एक आगळी कला वाढीस लागली आहे. कारखान्यात एकाच साच्यातून हजारो सारखी खेळणी निघतात. कलावंत त्यांपैकी एक उचलतो आणि जगात दुसरे नसेल असे रूप त्याला देतो. ते तो कसे साधतो, हे पाहण्यासारखे आहे.

एअरब्रशचा जन्म अमेरिकेत झाला. अब्नर पीलर नावाच्या संशोधकाने १८७९ मध्ये वाऱ्याच्या जोराने रंग उडविणारे एक साधन तयार केले. पुढे चार्ल्स बर्डिक याने त्यात मोठी सुधारणा केली. रंग व वारा यांचे मिश्रण उपकरणाच्या आतच व्हावे, अशी त्याने योजना केली. आजचे बहुतेक एअरब्रश याच तत्त्वावर चालतात. प्रारंभी छायाचित्रांतील दोष झाकण्यासाठी व त्यांत रंग भरण्यासाठी या साधनाचा फार उपयोग होई.

त्यामागील तत्त्व घरच्या घरी पाहता येते. पाण्याने जवळजवळ काठोकाठ भरलेल्या पेल्यात एक बारीक नळी उभी धरावी. दुसरी नळी आडवी धरून तिचे टोक उभ्या नळीच्या वरच्या तोंडाशी आणावे व जोराने फुंकर मारावी. उभ्या नळीतून पाणी आपोआप वर चढते आणि त्याचे तुषार उडतात. वेगाने वाहणाऱ्या फुंकरीमुळे नळीच्या तोंडाशी हवेचा दाब कमी होतो. पेल्यातील पाण्यावर मात्र बाहेरच्या हवेचा दाब पूर्वीएवढाच असतो, म्हणून तो पाण्याला वर ढकलतो. डासांवर औषध फवारण्याचा हातपंप याच युक्तीने चालतो.

एअरब्रशमध्ये फुंकरीचे काम कॉम्प्रेसर, म्हणजे हवा दाबून भरणारे यंत्र, करते. पाण्याच्या जागी पातळ केलेला रंग असतो. उपकरणाच्या पोटातून एक निमुळती सुई तोंडापर्यंत गेलेली असते. तोंडाचे छिद्र बहुधा मिलिमीटरच्या दोन-तीन दशांशांएवढेच असते. खटका खाली दाबला की वारा सुटतो. तोच खटका मागे ओढला की सुई मागे सरते, छिद्र मोकळे होते आणि रंग वाहू लागतो. उपकरण वस्तूच्या जवळ नेले तर केसासारखी रेघ उमटते. दूर नेले तर रंग पसरून त्याची सावली होते.

आता ज्यावर हा रंग बसावयाचा, त्या विनाइलची ओळख करून घेऊ. विनाइल हा प्लॅस्टिकचा एक प्रकार आहे. मुळात तो कडक व ठिसूळ असतो. वाल्डो सेमन या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाला १९२६ मध्ये असे आढळून आले की, काही विशिष्ट द्रव त्यात मिसळून तापविले तर तो रबरासारखा लवचीक होतो. या शोधामुळे विनाइलचे असंख्य उपयोग सुचले. खेळणी हा त्यांपैकी एक.

जपानमध्ये मऊ विनाइलच्या खेळण्यांनी मुलांना वेड लावले. गॉडझिला या प्रचंड राक्षसी प्राण्याचा पहिला चित्रपट तेथे १९५४ मध्ये निघाला, आणि पुढे १९६६ च्या सुमारास अशा राक्षसांच्या विनाइलच्या बाहुल्या दुकानोदुकानी दिसू लागल्या. त्या घडविण्याची रीत मोठी मजेदार आहे. प्रथम मेणाची प्रतिमा करून तिच्यावर विजेच्या साहाय्याने तांब्याचा थर चढवितात; मेण काढून टाकले की धातूचा पोकळ साचा उरतो. त्यात पातळ विनाइल ओतून साचा गरम तेलात बुडवितात. साच्याला लागून असलेला थर घट्ट होतो, आतील उरलेले विनाइल ओतून काढतात, आणि गरम असतानाच ती मऊ पोकळ बाहुली साच्याच्या अरुंद तोंडातून ओढून बाहेर काढतात.

रंग देण्यासाठी हे कारागीर धातूच्या पत्र्याचे बेतीव आवरण वापरतात. रांगोळीच्या छापाला जशी छिद्रे असतात, तशी या आवरणाला डोळे, नखे वा दात यांच्या जागी असतात. आवरण बाहुलीवर बसवून रंगाचा फवारा मारला की तेवढाच भाग रंगतो. प्रत्येक रंगासाठी वेगळे आवरण लागते. पाठीवरील व पोटावरील सावल्या मात्र कारागीर आवरणावाचून, केवळ हाताच्या अंदाजाने देतो. त्यामुळे एकाच साच्यातील दोन बाहुल्याही नीट पाहिल्या तर थोड्या निराळ्या दिसतात.

पुढे ही खेळणी थोरांच्याही कौतुकाचा विषय झाली. हाँगकाँगमधील मायकेल लाउ या चित्रकाराने १९९९ मध्ये आपल्या शहरातील तरुणांच्या वेशभूषेतील बाहुल्या प्रदर्शनात मांडल्या. बाहुली हेही चित्रकाराचे माध्यम होऊ शकते, हे त्यामुळे अनेकांच्या ध्यानी आले. अमेरिकेत २००५ मध्ये मन्नी नावाची एक बाहुली बाजारात आली. ती सर्वस्वी पांढरी होती. तिला डोळे नव्हते, रंग नव्हता. तिचा चेहरा घेणाऱ्यानेच रंगवावयाचा होता. जणू कोरा कागदच उभा राहून चित्रकाराची वाट पाहत होता.

तथापि कोऱ्या बाहुलीवर रंग चढविणे दिसते तितके सोपे नाही. विनाइल लवचीक राहावे म्हणून त्यात घातलेले द्रव्य हळूहळू पृष्ठभागाकडे येत राहते. काही तेलयुक्त रंग त्या द्रव्यामुळे कधीच नीट वाळत नाहीत. आठ दिवसांनी बाहुली हाती घ्यावी, तो रंग बोटांना चिकटतो. महिन्यांनी पाहावे, तरी तीच अवस्था. मग सारे श्रम फुकट जातात. म्हणून जाणता कलावंत आधी पदार्थाचा स्वभाव ओळखतो आणि विनाइलवर टिकणारे, बहुधा पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग निवडतो.

कामास आरंभ होतो तो धुण्यापासून. साच्यातून येताना बाहुलीच्या अंगाला तेलकटपणा राहिलेला असतो. साबणाच्या कोमट पाण्याने तो घालविला नाही, तर रंग पापुद्र्यासारखा सुटून येतो. मग गरम पाण्याने सांधे मऊ करून हात, पाय व डोके वेगळे करतात, आणि बारीक पॉलिश कागदाने अंग हलकेच घासतात. त्यानंतर अस्तराचा थर देतात. रंग दुधाइतका पातळ करून घेतात. तो दाट राहिला तर छिद्र तुंबते व शिंतोडे उडतात. फार पातळ झाला तर वाऱ्याच्या जोराने पृष्ठभागावर कोळ्याच्या पायांसारखा फाकतो.

फवारा मारण्याचाही एक नियम आहे. आरंभी वारा आधी सोडावा, रंग मागून. थांबताना रंग आधी थांबवावा, वारा मागून. हा क्रम चुकला की तोंडाशी साचलेला रंगाचा थेंब नेमका बाहुलीच्या चेहऱ्यावर जाऊन बसतो. हातही थबकू देता कामा नये. तो बाहुलीच्या अलीकडे सुरू व्हावा आणि पलीकडे जाऊन थांबावा. पहिला थर इतका विरळ असतो की शिकाऊ मुलाला काही झालेच नाही असे वाटते. तो अधीर होऊन एकाच जागी खटका धरून ठेवतो, आणि क्षणात रंगाचा ओघळ खाली येतो. अनुभवी हात मात्र थर वाळू देतो, पुन्हा थर देतो, पुन्हा वाळू देतो. अशा अनेक विरळ थरांतून गडद निळ्याचा आकाशी आणि आकाशीचा पांढरा होत जातो. जेथे रेघ स्पष्ट हवी, तेथे कागदाची चिकटपट्टी लावून शेजारचा भाग झाकतात.

या कामात आरोग्यही जपावे लागते. रंगाचे सूक्ष्म कण हवेत तरंगतात व श्वासाबरोबर छातीत जाऊ शकतात. म्हणून खिडक्या उघड्या ठेवणे, नाकातोंडावर योग्य मुखपट्टी बांधणे आणि लहानांनी मोठ्यांच्या देखरेखीखालीच काम करणे अवश्य आहे.

अखेरीस डोळे उरतात. अंगावरची छाया वाऱ्याने दिली, तरी बुबुळातील प्रकाशाचा ठिपका देताना पुष्कळ कलावंत एअरब्रश खाली ठेवतात आणि साधा बारीक कुंचला उचलतात. पेणच्या कारखान्यातही असेच घडते. मूर्तीचे अंग फवाऱ्याने रंगविले जाते, पण डोळ्यांची आखणी कसलेला कारागीर कुंचल्याने करतो. त्या वेळी तो बोलत नाही, कोणी त्याला हाक मारीत नाही. दोन देशांतल्या, दोन निरनिराळ्या कामांतल्या या माणसांची एकमेकांशी ओळख नसते. तरी त्या क्षणी दोघांचेही हात सारखेच स्थिर असतात.

साचा सर्वांना एकच चेहरा देतो. यंत्र वारा पुरविते. परंतु वारा केव्हा सोडावा, रंग किती घ्यावा आणि कोठे थांबावे, हे हाताने व डोळ्यांनीच ठरवावे लागते. एका साच्यातून निघालेल्या हजार बाहुल्यांत एखादी बाहुली आपल्याकडे पाहत आहे असे वाटते, ते त्या हाताच्या धीरामुळे.